पाच एकराची रेघ आणि आपला अर्ज



पोळा तोंडावर आला आहे. पऱ्हाटीची डवरणी चालू आहे, निंदणाच्या मजुरीला घरात पैसा नाही. आणि २००८ च्या ह्याच दिवसांत कळंबच्या बाजारात, बँकेच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर एकच बोलणं ऐकू येत होतं, "यादीत नाव आलं का गा?" कोणाचं आलं, कोणाचं नाही आलं. आणि ज्याचं नाही आलं त्याच्यातल्या बऱ्याच जणांची जमीन पाच एकराच्या रेघेवर आहे. थोडी अलीकडे, थोडी पलीकडे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पहिले एक चूक कबूल करतो. उन्हाळ्यातल्या बैठकांमध्ये आमच्याच कार्यकर्त्यांनी गावागावात सांगितलं की, पाच एकरवाल्याचं कर्ज माफ, बाकीच्यांनी नाव विसरा. मीही दोन पोडांवर असंच बोललो. ते अर्धवट होतं. पूर्ण नियम वाचल्यावर कळलं की, पाच एकराच्या वरच्यालाही यवतमाळ जिल्ह्यात बरंच काही मिळत होतं, आणि रेघेवरच्या माणसाले तं भांडायला चांगली जागा होती. आमच्या बोलण्यामुळे जे कास्तकार बँकेत गेलेच नाहीत त्यांची आम्ही माफी मागतो. आता नीट सांगतो.

योजना काय आहे

२९ फेब्रुवारी २००८ ला दिल्लीत अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी बजेटमध्ये कर्जमाफी जाहीर केली. तेव्हा ६० हजार कोटी सांगितले. मे महिन्यात नियम निघाले तेव्हा आकडा ७१ हजार कोटीच्या वर गेला. नियम असे होते.

कर्ज शेतीचं असलं पाह्यजे होतं, बँकेचं किंवा सोसायटीचं असलं पाह्यजे होतं. ते १ एप्रिल १९९७ ते ३१ मार्च २००७ च्या मधात उचललेलं पाह्यजे होतं. ३१ डिसेंबर २००७ ला थकीत पाह्यजे, आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न भरलेलं पाह्यजे होतं.

ज्याच्याजवळ १ हेक्टरपर्यंत जमीन तो अत्यल्प भूधारक. १ च्या वर २ हेक्टरपर्यंत तो अल्प भूधारक. ह्या दोघांचं पात्र कर्ज पूर्ण माफ. २ हेक्टरच्या वर तो 'इतर शेतकरी'. त्याला पूर्ण माफी नव्हती, त्याने आपला हिस्सा भरला तर सूट होती.

प्रत्येक बँकेने ३० जूनपर्यंत दोन याद्या फलकावर लावायच्या होत्या. एक लहान कास्तकारांची, एक इतरांची. यादीत जमीन किती आणि रक्कम किती तेही लिहायचं होतं. म्हणजे यादीत फक्त नाव पाहून घरी येऊ नका. नावाच्या समोरचे आकडेही वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतला पोरगा सोबत न्या.

सव्वादोन गुंठ्याचं भांडण

मागच्या महिन्यात एका पोडावरच्या काकासोबत मी बँकेत गेलो होतो. काका कोलाम, वय साठीचं. बापाच्या वेळेपासून पाच एकर वावर. सारं गाव त्यांना पाच एकरवाला म्हणते. पण त्यांचं नाव दुसऱ्या यादीत.

काका म्हणे, "मायं पाच एकरच हाय ना साहेब, धुरा तं कोणी सरकवला नाही."

बाबूने ७/१२ दाखवला. त्याच्यावर लिहिलं होतं, २ हेक्टर ०२ आर. "दोनच्या वर आहे," एवढं म्हणून त्याने कागद परत दिला.

आता हा हिशेब सगळ्यांनी समजून घ्या, कारण असे कास्तकार आपल्या तालुक्यात एकटे काका नाहीत. एक हेक्टर म्हणजे २ एकर १९ गुंठ्याच्या जवळपास. दोन हेक्टर म्हणजे ४ एकर ३८ गुंठेही भरत नाहीत. म्हणजे पूर्ण पाच एकर जमीन हेक्टरात मांडली की २.०२ होते. सव्वादोन गुंठे जास्त. बैलजोडी वळवायला लागते तेवढी जागा, आणि त्याच्यावर माणूस एका यादीतून दुसऱ्या यादीत.

पण योजनेच्या नियमात काय लिहिलं आहे? तिथे '२ हेक्टर (५ एकर)' असंच लिहिलं आहे. कंसात पाच एकर सरकारनेच छापलं. मग पाच एकरवाला त्याच्यात बसला पाह्यजे, असं आपलं म्हणणं आहे. ज्याच्या ७/१२ वर २.०१ किंवा २.०२ आहे त्याने हेच वाक्य अर्जात लिहावं: "माझी जमीन पाच एकर आहे. योजनेत दोन हेक्टर म्हणजे पाच एकर असे धरले आहे. म्हणून मला अल्प भूधारक धरावे." मान्य होईलच अशी हमी मी देत नाही. पण न लिहिता मान्य होणार नाही हे नक्की.

दुसरी गोष्ट पोटखराबाची. आपल्या जमिनी टेकडीच्या उताराच्या. नाला, खडक, पांदण सगळं ७/१२ वर आहे. लागवडीचं क्षेत्र वेगळं आणि पोटखराब वेगळं लिहिलेलं असते. बँकेतले लोक दोन्हीची बेरीज धरत होते. नियमात अल्प भूधारक म्हणजे एवढी शेतजमीन 'कसणारा' शेतकरी अशी व्याख्या आहे. खडक कोण कसते? ज्याची बेरीज २ हेक्टरच्या वर पण लागवडीचं क्षेत्र त्याच्या आत, त्याने हा मुद्दा मांडलाच पाह्यजे.

तिसरी गोष्ट भावाभावांची. सामाईक ७/१२ वर तीन भावांची नावं आणि क्षेत्र नऊ एकर असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीनच येते. आपला हिस्सा किती ते अर्जात स्पष्ट लिहा, नाही तं कोणी नऊच धरून मोकळं होईल. आणि दोघा-तिघांनी जमिनी एकत्र दाखवून कर्ज घेतलं असेल तर सगळ्यांची बेरीज करायची नाही. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या एका धारणेवरून वर्ग ठरवायचा, असं नियमातच आहे.

जमीन कोणत्या दिवशीची मोजायची

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होता आणि इथेच दलाल पैसे खात होते.

नियम असा होता की, कर्ज मंजूर झालं त्या वेळी जमीन किती होती ते पाहायचं. नंतर वाटणी झाली, विकली, वाढली, कमी झाली, त्याने वर्ग बदलत नाही.

ह्याच्यातून चार गोष्टी निघतात.

एक. आता घाईने वाटणीपत्र करून, पोराच्या नावाने दोन एकर लावून काही फायदा नाही. तालुक्यात काही जण "पाच एकराच्या आत बसवून देतो" म्हणून हजार-दोन हजार घेत होते. देऊ नका. तो कागद आजच्या तारखेचा राहील आणि कर्ज जुन्या तारखेचं आहे. पैसाही जाईल आणि खोट्या कागदाची भानगडही गळ्यात पडेल.

दोन. वाटणी कर्जाच्या आधीच झाली असेल, पण सोसायटीने जुनाच ७/१२ लावून बापाची सगळी जमीन तुमच्या नावावर धरली असेल, तर तुमची बाजू पक्की आहे. तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल काढा. त्याच्यावर तारीख असते. फेरफाराची तारीख कर्जाच्या आधीची आहे, एवढं दाखवलं की पुरे.

तीन. कर्ज घेतलं तेव्हा चार एकर होती आणि नंतर बाप गेल्यावर वारसाने वाढून सात झाली, तरी तुम्ही अल्प भूधारकच.

चार. ही आपल्या संघटनेसाठी सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वन हक्काच्या कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. गावोगाव वन हक्क समित्या बसत होत्या, दाव्याचे फॉर्म भरणं चालू होतं. आणि त्याच वेळी कोणीतरी अफवा सोडली की, जंगलजमिनीचा दावा टाकला तर ती जमीन तुमच्या नावात मोजतील, मग पाच एकराच्या वर जाल आणि माफी जाईल. ह्या भीतीने एका गावात सात घरांनी दावा टाकायचा थांबवला. त्यांच्या दारात जाऊन मी हेच सांगितलं आणि इथे परत सांगतो. कर्ज मंजूर झालं तेव्हा ती जमीन तुमच्या मालकीची नव्हती. सरकार तिला अतिक्रमण म्हणत होतं, दंडाच्या पावत्या फाडत होतं. नंतर मिळालेल्या हक्काने कर्जाचा वर्ग बदलत नाही. दावा टाका. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर ४ हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. दहा हजाराच्या माफीसाठी पिढ्यानपिढ्याची जमीन सोडू नका. दोन्ही मागा. दोन्ही आपली आहेत.

पाच एकराच्या वर असाल तर

आता ती गोष्ट, जी आम्ही सांगितली नव्हती.

इतर शेतकऱ्याला २५ टक्के सूट, हे सगळ्यांना माहीत झालं. पण काही जिल्ह्यांसाठी वेगळा नियम होता. अवर्षणप्रवण जिल्हे, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पॅकेज दिलेले जिल्हे त्याच्यात येत होते. विदर्भातले सहा जिल्हे त्या पॅकेजात होते: यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, वर्धा. इथल्या इतर शेतकऱ्याला २५ टक्के किंवा २० हजार, ह्यातलं जे जास्त असेल ते सुटत होतं.

हिशेब करून पाहा. सात एकरवाला, पात्र कर्ज १८ हजार. सूट २० हजारापर्यंत, म्हणजे त्याच्याकडे भरायला काहीच राहत नाही. सात एकरवाला, कर्ज ३२ हजार. २५ टक्के धरले तर ८ हजार सुटतात आणि २४ हजार भरावे लागतात. पण आपल्या जिल्ह्याच्या नियमाने २० हजार सुटत होते आणि १२ हजारच भरायचे होते. कोणी २४ हजार भर म्हणत असेल तर तो तुमच्याकडून दुप्पट मागून राहिला. ८० हजारापर्यंतच्या कर्जाला २० हजाराचाच नियम फायद्याचा. त्याच्या वर २५ टक्क्यांचा. एक लाखाचं कर्ज असेल तर २५ हजार सुटत होते, ७५ हजार भरावे लागत होते.

आपला हिस्सा तीन हप्त्यांत भरता येत होता. तारखा ३० सप्टेंबर २००८, ३१ मार्च २००९ आणि ३० जून २००९. पहिल्या दोन्ही हप्त्यांत कमीत कमी तिसरा हिस्सा. म्हणजे १२ हजारवाल्याने सप्टेंबरात ४ हजार भरायचे होते. भरीन असं बँकेत लिहून द्यावं लागत होतं. पूर्ण हिस्सा भरल्यावरच सूट खात्यात पडत होती. मधातच हप्ते सोडले तर सूटही जात होती, म्हणून सही करण्याआधी घरात बसून हिशेब करायचा होता.

रक्कमही तपासा. ह्या योजनेत मुद्दलापेक्षा जास्त व्याज लावता येत नव्हतं. १५ हजार मुद्दल असेल तर व्याज १५ हजारापर्यंतच. दंडव्याज, वकिलाचा खर्च, तपासणीचा खर्च ह्याच्यात धरता येत नव्हता. आणि २००६ च्या पॅकेजात ज्यांच्या कर्जाचं पुनर्गठन झालं, हप्ते पाडून दिले, त्यांना बँकेत सांगत होते की तुमचं थकीत नाही म्हणून बसत नाही. ते चूक होतं. त्या पॅकेजातलं पुनर्गठित कर्ज थकीत असो नसो, योजनेत येत होतं.

अर्ज कसा करायचा

नाव यादीत नाही, चुकीच्या यादीत आहे, किंवा रक्कम चुकली, ह्या तिन्हीसाठी तक्रार करता येत होती. प्रत्येक बँकेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा होता आणि त्याचं नाव-पत्ता शाखेत लावायचा होता. लावला नसेल तर पहिला अर्ज त्याच्यासाठीच द्यायचा होता. तक्रार शाखेतही देता येत होती, सरळ त्या अधिकाऱ्यालाही पाठवता येत होती. त्याने ३० दिवसांत लेखी निर्णय द्यायचा होता. त्याचा निर्णय शेवटचा धरत होते, म्हणून पहिल्याच अर्जात सगळे मुद्दे आणि सगळे कागद लावायचे होते. मागून सांगू म्हणून काही ठेवू नका.

कागद असे: कर्ज मंजूर झालं त्या वर्षीचा ७/१२, आताचा नाही. ८-अ. वाटणी किंवा वारस असेल तर फेरफार. पासबुक किंवा सोसायटीचा खातेउतारा. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी बोलून परत येऊ नका. "पाहू", "साहेब दौऱ्यावर आहेत" हे उत्तर कागदावर राहत नाही. माफी झाल्यावर रक्कम लिहिलेला दाखला बँकेने द्यायचा होता, तोही मागून घ्यायचा होता. त्याच्याशिवाय पुढच्या वर्षी नवीन कर्ज मागताना पुन्हा तेच रडगाणं होईल.

काकाचा अर्ज आम्ही ह्याच पद्धतीने दिला. पोच मिळाली आहे. निकाल काय लागते ते पुढच्या अंकात सांगू, जिंकलो तरी आणि हरलो तरी.

हप्त्यासाठी जमीन विकू नका

सप्टेंबर २००८ चा हप्ता भरायला आपल्या घरात पैसा नव्हता. कापूस दसऱ्यानंतर घरात येते, सोयाबीनही तेव्हाच निघते. ही तारीख ठरवणाऱ्याने पऱ्हाटी पाहिली नसेल. म्हणून सावकार तेव्हा दारात येत होते. शेकडा पाच महिना दराने १२ हजार उचलले तर वर्षाचं व्याजच ७ हजार २०० होते. २० हजार सोडवायला गेला आणि दुसऱ्या फासात अडकला, असं व्हायला नको. पूर्ण हिस्सा एकदम भरायची गरज नव्हती, सप्टेंबरात तिसराच भाग पाह्यजे होता.

आणि आदिवासीची जमीन गैरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, गहाणही देता येत नाही. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ तेच सांगते. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा मागणाऱ्याला हे कलम सांगा. आपल्या आजोबांच्या जमिनी अशाच अंगठ्यावर गेल्या, त्या परत मिळवायला १९७४ चा कायदा करावा लागला, आणि तरीही कितीतरी आल्या नाहीत.

रेघ कोणी ओढली

अर्ज केलाच पाह्यजे होता, कारण तेव्हा जे मिळत होतं ते घेतलंच पाह्यजे होतं. पण रेघच चुकीची आहे हे बोलायचं थांबवायचं नाही. पाण्याखालची पाच एकर आणि आपली बरडाची पाच एकर एकाच मापाने मोजली. पाण्याखालचा कास्तकार वर्षात दोन-दोन पिकं घेते. आपण एक पाऊस आणि एक पऱ्हाटी. ज्या विदर्भातल्या आत्महत्या पाहून दिल्ली हलली, त्याच विदर्भातला आठ-दहा एकराचा कोरडवाहू कास्तकार 'मोठा' ठरून बाहेर राहिला.

आणि त्याच्याही बाहेर कोण आहे? ज्याने जानेवारीत बैल विकून कर्ज भरलं तो. त्याला काही नाही. ज्याने जून २००७ मध्ये कर्ज उचललं तो. आणि जो जंगलजमीन कसते, ज्याच्याजवळ ७/१२ नाही म्हणून बँकेने कधी दारात उभं केलं नाही, त्याचं सगळं कर्ज सावकाराचं, तो कोणत्याच यादीत नाही. आपल्या गोंड, कोलाम, परधान, आंध घरांपैकी किती घरं ह्या शेवटच्या ओळीत आहेत ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून कर्जमाफीची लढाई आणि पट्ट्याची लढाई वेगळी नाही. पट्टा नाही तोपर्यंत बँक नाही, बँक नाही तोपर्यंत सावकार आहे.

आपली मागणी साधी होती. कोरडवाहूला एकराची अट काढा. पाच एकर म्हणजे पाच एकर धरा, २.०२ म्हणून हाकलू नका. पहिल्या हप्त्याची तारीख कापूस विकल्यानंतरची करा. वन हक्काचा पट्टा मिळालेल्याला पीककर्ज द्या. सावकारी कर्जाची गावात बसून चौकशी करा.

पोळ्याच्या आधी प्रत्येक गावात एक बैठक लावू. लिहिता-वाचता येणारी दोन पोरं-पोरी ठेवा, बाकीच्यांनी ७/१२ घेऊन यावं. बाया ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी स्वतः यावं, नवऱ्याला पाठवू नये. एका दिवशी सगळ्यांचे अर्ज मिळून देऊ. एकट्याचा कागद टेबलावरून सरकवता येते, शंभर माणसं सरकवता येत नाहीत.

 जंगलाचा दावा टाका.

जोहार!